कोंबड्या आवरायला मी काय काय विकत आणलं आणि काय फुकटात जमलं

"वहिनी, ह्या तुम्ही पाळल्यात की मी?" शेजारचे भाऊ फाटकाशी उभे होते. एका हातात पाय धरून उलटी लोंबकळणारी पांढरी कोंबडी आणि दुसऱ्या हातात मुळासकट उपटलेलं रोप. पुरावा घेऊनच आले होते, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. आदल्या संध्याकाळी त्यांनी लावलेली रोपांची अख्खी ओळ आमच्या बायांनी सकाळी आठच्या आत उकरून काढली होती आणि त्याच भुसभुशीत मातीत तिघी पंख पसरून निवांत लोळत होत्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हा सतरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. अकरा जड, तांबूस, पोट सांभाळत चालणाऱ्या. सहा पांढऱ्या, अंगानं हलक्या आणि उडायला अगदी पाखरासारख्या. रान मोकळं, कुंपण कुठेच नाही. चेनलिंकच्या पक्क्या कुंपणाचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं, की ती रक्कम अंड्यांतून वसूल व्हायला ह्या कोंबड्यांच्या पणतींची वाट बघावी लागेल. म्हणून स्वस्तातलं एकेक आणत गेले, लावत गेले, काढत गेले. खाली लिहिलंय ते त्या वापरातून झालेलं मत. कंपन्यांची नावं घेत नाही. ह्या जाळ्या बहुतेक सुट्या गुंडाळीनं मिळतात आणि वर काही छापलेलं असलंच तरी दोन पावसाळ्यांत उडून जातं.

सगळ्यात आधी आणली ती काळी प्लास्टिकची जाळी. पाच फूट उंच, पाऊण इंचाची भोकं. गुंडाळी इतकी हलकी, की मी एकटीनं काखेत मारून आणली. घरातल्या कात्रीनं कापते, सुतळीनं बांधता येते, हात सोलवटत नाहीत. दर आठ फुटांवर बांबू ठोकला आणि एका दुपारीत दोनशे चाळीस फूट कुंपण उभं राहिलं. संध्याकाळी आम्ही दोघं खुर्च्या टाकून बघत बसलो. फार सुरेख दिसत होतं. तो दिखाऊपणाच पुढे नडला.

जाळी वरून लोंबू नये म्हणून मी वरच्या कडेला आडवे बांबू बांधले होते. एका रेषेत, अगदी नीटनेटके. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही पांढऱ्या त्या आडव्या बांबूवर ओळीनं बसल्या होत्या आणि खाली उतरताना कुठल्या बाजूला उतरायचं ते त्यांच्या मर्जीवर होतं. तेव्हा कळलं, की कोंबडी सहसा कुंपणावरून एका झेपेत पलीकडे जात नाही. आधी वर बसायला जागा हेरते, तिथे चढते, आणि मग पलीकडे उडी टाकते. वर धड पाय टेकायला काही दिसलं नाही तर बहुतेक जणी बेत सोडून देतात. आडवे बांबू काढले, जाळीच्या कडेतून नुसती बारीक तार ओवली आणि वरची वीतभर जाळी ढिली, लुळी सोडली. दिसायला गबाळं झालं, पण सहातल्या चौघी आत राहू लागल्या. हा बदल फुकट होता आणि मी केलेल्या सगळ्या खर्चिक बदलांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

उरलेल्या दोघींतली एक म्हणजे चांदी. भाऊंनी उलटी धरून आणली होती ती हीच. चांदी कशी बाहेर पडते ते कळायला मला नऊ दिवस लागले. कुंपणाच्या आत, जाळीपासून हातभर अंतरावर, जळणाची लाकडं रचलेली होती. अडीच फूट उंच ढीग. म्हणजे इतरांसाठी कुंपण पाच फुटांचं आणि चांदीसाठी उरलेल्या अडीच फुटांचं. ढीग हलवला. तर ती पाण्याच्या पिंपावरून गेली. पिंप हलवलं. आत आता कुंपणापासून सहा फुटांच्या आत मी बादलीसुद्धा पालथी ठेवत नाही. कुणाकडे उंच जाळी घ्यायचा विचार चालू असेल तर आधी आत जाऊन कोंबडीच्या उंचीवर डोकं नेऊन बघा, जिना कुठे आहे ते दिसेल.

आकाराची चूक तर हिशोबाच्या वहीतच सापडली. माझं पहिलं कुंपण शंभर फूट लांब आणि वीस फूट रुंद होतं, कारण तशी मोकळी पट्टी समोर होती. आत दोन हजार चौरस फूट. तेवढीच जाळी मी साठ बाय साठ लावली तेव्हा छत्तीसशे चौरस फूट मिळाले, म्हणजे सव्वातीन गुंठ्यांच्या आसपास. जाळी तीच, दोनशे चाळीस फूट. आणि जागा वाढली की बाहेर जायची खुमखुमीही कमी होते, कारण कोंबडी बाहेर जाते ती बहुधा आतली जमीन खरडून खरडून टक्कल पडल्यामुळे. आता मी चौकोनाच्या मधून एक आडवी जाळी टाकून दोन भाग केलेत. एका भागात गवत परत उगवेपर्यंत दुसरा भाग त्यांचा.

आणि मग कुत्रं आलं. भर दुपारी. प्लास्टिकच्या जाळीला खालून नाक घालून त्यानं ती अशी उचलली, जशी आपण चादर उचलतो. मी ओरडत पोचेपर्यंत तीन कोंबड्या गेल्या होत्या, तिन्ही जड तांबूस. पांढऱ्या उडून झाडावर बसल्या होत्या. त्या रात्री मला नीट कळलं, की मी सगळा जीव उंचीत घातला होता आणि धोका खालून होता. कोंबडी बाहेर गेली तर फार तर शेजाऱ्याशी भांडण होतं. कुत्रं आत आलं तर खुराडं रिकामं होतं. पैसे थोडे असतील तर ते जमिनीलगतच्या दोन फुटांत घाला.

प्लास्टिकच्या त्या जाळीचं पुढचं सांगून टाकते. अकराव्या महिन्यात उन्हाच्या बाजूची धागेधागे कुरकुरीत होऊन हातात तुटायला लागली. उंदरांनी दोन ठिकाणी आपली दारं आधीच करून घेतली होती. ऊन सोसणारी, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेली जाळी थोडी महाग मिळते, ती आणली असती तर जास्त टिकली असती. बाहेरचं कुंपण म्हणून दहापैकी चार. आतली आडवी जाळी म्हणून मात्र आठ, कारण उचलून दुसरीकडे लावणं इतकं सोपं दुसऱ्या कशातच नाही.

नंतर लोखंडी षटकोनी जाळी आणली, जिला सगळे चिकन मेश म्हणतात. नावावर जाऊ नका. ही कोंबडी आत ठेवते, दात असलेला प्राणी बाहेर ठेवेलच असं नाही. तार बारीक असते आणि नेटानं ओढणारं कुत्रं ती फाडतं. घेताना दोन गोष्टी बघायच्या. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, म्हणून बावीसपेक्षा वीस गेज बरी. आणि भोक एक इंचाचं घ्या. दोन इंचाची स्वस्त पडते म्हणून मी एक गुंडाळी आणली आणि पिल्लं त्यातून अशी आरपार फिरायला लागली जणू तिथे काही नाहीच. आई आत आकांत करतेय, बारा पिल्लं बाहेर. पक्कड घेऊन सगळं काढावं लागलं. हाताला ओरखडे आले ते वेगळेच. ह्या जाळीच्या कापलेल्या टोकांपुढे हातमोजे घालूनही काही चालत नाही.

पण तळाला लावायला हिच्याइतकं स्वस्त काही सापडलं नाही. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला फूटभर रुंदीची पट्टी जमिनीवर आडवी अंथरली, उभ्या जाळीला बायंडिंग तारेनं शिवली आणि वर दगड ठेवले. खड्डा खणायची गरज नाही. कुत्रं नेहमी अगदी कुंपणाच्या बुडाशी उकरायला लागतं, तिथे पंजाखाली जाळी येते आणि फूटभर मागे सरकून उकरावं एवढी अक्कल त्याला सुचत नाही. दोन महिन्यांत पट्टीतून गवत वर आलं, मुळांनी ती जमिनीला घट्ट धरली आणि आता ती दिसतही नाही. ही पट्टी टाकल्यापासून खालून कुणी आलेलं नाही. ह्या कामासाठी दहापैकी नऊ.

एक अपवाद खुराड्याचा. खुराड्याच्या खिडक्यांना आणि दाराच्या फटींना मी अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी लावली. ती महाग आहे. पण कोंबडी रात्री आंधळ्यासारखी असते, बसल्या जागेवरून हलत नाही, आणि घूस, रानमांजर रात्रीचा किंवा पहाटेचा मोका साधतात. जेमतेम वीस चौरस फूट लागली. एवढ्यात कंजुषी करू नये.

मग विजेची जाळी. हिच्याबद्दल लोक फार विचारतात म्हणून जरा सविस्तर. ही विणलेली जाळी असते. आडव्या धाग्यांत स्टीलच्या बारीक तारा गुंफलेल्या, खांब जाळीला आधीच जोडलेले, खांबाच्या टोकाला जमिनीत रोवायचा खिळा. पायानं दाबत दाबत गेलं की अर्ध्या तासात पन्नास मीटर उभी. सोबत झटका मशीन लागतं. ते साधारण दर सेकंदाला एक क्षणभराचा ठोका सोडतं. व्होल्ट हजारांत असतात, पण ठोका इतका आखूड असतो की झटका बसतो, इजा होत नाही. घरातली वीज सरळ तारेत सोडणारे महाभाग मी पाहिलेत. ते कुंपण नाही, मृत्यूचा सापळा आहे. जनावर मरेल, नाहीतर माणूस.

माझ्या बाकी सगळ्या जाळ्यांचा खर्च एकत्र केला तरी ह्या एका संचाचा जास्त झाला. मग स्वस्तात कशी मोडते? मोडते, जर तुम्हाला दर आठवड्याला जागा बदलायची असेल आणि आसपास कुत्री असतील. कुत्र्याचं ओलं नाक एकदा लागलं की ते परत त्या बाजूला फिरकत नाही. आमच्याकडच्या त्या दुपारवाल्याला एकच ठोका पुरला. कोंबड्यांचं तसं नाही. पिसं वीज जाऊ देत नाहीत. झटका बसतो तो तुऱ्याला, गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला नाहीतर पायाला. म्हणून पहिल्या दिवशी मशीन चालू ठेवूनच त्यांना सोडायचं आणि जाळीपलीकडे थोडे दाणे टाकायचे. त्या मान घालतात, शिकतात. घाबरून सैरावैरा पळणारी कोंबडी मात्र ठोका खातही पार होते.

हिच्या तक्रारी बऱ्याच. गवत वाढून खालच्या तारेला टेकलं की करंट जमिनीत जिरतो. एका दवाच्या सकाळी टेस्टर लावला तर एरवी सहा हजार दाखवणारी जाळी अठराशे दाखवत होती. म्हणजे दर पंधरवड्याला खालची पट्टी कापत राहा. दुसरं, अर्थिंग. जमीन कोरडी ठणठणीत झाली की वीज परत फिरायला वाटच राहत नाही आणि झटका नावापुरता उरतो. भर उन्हाळ्यात मी अर्थिंगच्या सळईला रोज तांब्याभर पाणी घालायचे. आमचे हे म्हणायचे, "तुळशीला विसरलीस तरी चालेल, सळईला विसरू नकोस." तिसरं, बेडूक आणि साप खालच्या तारांत अडकून मरतात. दोनदा मला स्वतःच्या हातानं काढावे लागले, ते काही मला बरं वाटलं नाही. आणि पिल्लं हिच्यातूनही आरपार जातात. दहापैकी सात. ज्याच्याकडे गवत कापायला माणूस नाही त्यानं घेऊ नये.

फुकटातला सगळ्यात प्रसिद्ध उपाय म्हणजे पंख कापणं. तो करून पाहिला. फक्त एका पंखाची टोकाकडची दहा लांब पिसं, त्यांच्यावर येणाऱ्या आखूड पिसांच्या रेषेत कापायची. दोन्ही पंख कापले तर तोल सारखाच राहतो आणि हलकी कोंबडी थोडी का होईना उडते. एकच कापला की उडताना कलंडते. रात्री करा, अंधारात त्या शांत असतात. एकानं धरायची, एकानं बॅटरी आणि कात्री. पक्व पिसाला जाणीव नसते, आपल्या नखासारखं. पण नुकतंच फुटलेलं पीस असेल तर त्याच्या दांडीत रक्त असतं, ती दांडी गडद दिसते, ते पीस सोडून द्यायचं. मी एक चुकून कापलं आणि बराच वेळ कापूस दाबून बसले होते. पिसं झडून नवी आली की परत कापायचं, म्हणजे वर्षातून एकदा तरी.

उपयोग? बाकीच्या पाचही पांढऱ्यांवर झाला. चांदीवर नाही, कारण चांदी मुळात उडतच नव्हती, चढत होती. आणि तो कुत्र्याचा प्रसंग आठवला की माझा हात कात्रीवरून मागे येतो. त्या दिवशी उडता आलं त्यांतली एकही गेली नाही. आता मी फक्त एका उनाड तलंगीचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचा, पंख कापते.

बाकीचं झटपट. हिरवी शेडनेट: पलीकडचं दिसलं नाही तर कोंबडीला पलीकडे जावंसं वाटत नाही, हे खरं आहे. पण वारा आला की तिचं शीड होतं. माझे दोन बांबू मोडले. म्हणून आता फक्त भाऊंच्या वाफ्यांच्या बाजूला, खालचे तीन फूट. मासे धरायचं जुनं जाळं: घारीसाठी पिल्लांच्या कप्प्यावर वरून ताणायला उत्तम, उभं लावायला वाईट, कारण ढिलं पडलं की पाय गुंततात. जुन्या चकचकीत सीडी टांगणं: घारीला तिसऱ्या दिवशी कळलं.

फिरतं खुराडं हे प्रकरण ज्यांची कंबर धड आहे त्यांच्यासाठी. आठ बाय चार फुटांचा बिनतळाचा पिंजरा, एका बाजूला चाकं. रोज एक पिंजराभर पुढे ढकलायचा, म्हणजे रोज नवं गवत, नवे किडे, आणि खत आपोआप पसरतं. पाच कोंबड्यांच्या वर त्यात घालू नयेत. सपाट जमिनीवर झकास. आमची जमीन खडबडीत, त्यामुळे कुठेतरी एका कोपऱ्याखाली चार बोटं फट राहतेच. मी तो खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसून राहणाऱ्या, कोंबड्यांना आणि तलंगांना ठेवते. मागच्या पाच तलंगा त्यातच वाढवल्या.

आता जे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं ते. मी वेळ बांधून घेतली. सकाळी कोंबड्या सोडतच नाही. बहुतेक अंडी दुपारच्या आत पडतात, ती खुराड्यात पडू द्यायची, नाहीतर झुडपांत अंडी हुडकत फिरा. दुपारी कुंपणात. कुंपणाबाहेर मोकळं सोडते ते दिवस मावळायच्या दीड-दोन तास आधी. तेव्हा त्या लांब जातच नाहीत, कारण अंधाराच्या आत घरी यायची ओढ त्यांच्या अंगातच असते. नव्या आणलेल्या कोंबड्या आठवडाभर खुराड्यातच डालून ठेवायच्या, म्हणजे घर कुठलं ते पक्कं होतं. मग रोज एकाच वेळी एकाच पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळवायचे. डब्याचा आवाज आला की कुठूनही, पंख अर्धवट पसरून, हेलपाटत धावत येतात. ह्या डब्याला मी दहापैकी दहा देते.

आणि ज्यात खरोखर पैसे वाचले ते असं. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की कोंबड्यांभोवती दोनशे चाळीस फूट जाळी लावून मी ज्याचं रक्षण करतेय ते भाऊंचे वाफे सगळे मिळून तीस बाय वीस फुटांत बसतात. त्याच्याभोवती लागतात शंभर फूट. मी त्यांना विचारलं, "भाऊ, तुमच्या वाफ्यांना मी स्वखर्चानं जाळी लावून दिली तर चालेल?" ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गुन्हा तुमच्या कोंबड्यांचा आणि तुरुंगात माझी भाजी?" पण लावू दिली. एक इंची षटकोनी, तीन फूट उंच, वरची कड मुद्दाम ढिली, आणि आत-बाहेर करायला त्यांच्या सोयीचं दार. तेव्हापासून एकही रोप गेलेलं नाही. उलट वाफ्यांबाहेरच्या पडीक पट्टीत आमच्या बायांनी किडे टिपलेले त्यांना चालतात, आणि कधीतरी तिथे सापडलेलं अंडं ते परत करत नाहीत, हे मला माहीत आहे.

आता एकोणीस कोंबड्या आणि तो एकच कोंबडा. संध्याकाळी डबा वाजवते, दारात उभी राहून मोजते, आणि वीस डोकी भरली की कडी लावते. एकोणीसच भरली, तर बॅटरी घेऊन सरळ जळणाच्या नव्या ढिगामागे जायचं. चांदी तिथे असते.